इंटरव्ह्यूत काय विचारलेलं चालतं, काय नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, चाकण, भोसरी, सगळीकडच्या मुलामुलींकडून आणि अधूनमधून छोट्या कंपन्यांच्या मालकांकडूनही मला हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी पुण्यात रिक्रूटमेंटमध्ये आहे, म्हणजे इंटरव्ह्यू घेणारे आणि देणारे दोघांनाही रोज बघते. कायद्याचं जिथे आलंय तिथे साध्या शब्दांत सांगितलंय, पण तुमचं प्रकरण खरंच कोर्टापर्यंत जाणार असेल तर वकिलाला कागद दाखवा.

1. समोरचा विचारतोय तो प्रश्न योग्य आहे की नाही, हे तिथल्या तिथे ओळखायचं कसं?

एकच बघायचं, या उत्तरामुळे मी ते काम करू शकेन की नाही यात फरक पडतो का. "टॅलीवर जीएसटीचं काम केलंय का" यात पडतो, "सासू-सासरे सोबत राहतात का" यात पडत नाही. पण बरेच प्रश्न मधले असतात, म्हणजे त्यामागची काळजी बरोबर असते आणि प्रश्न चुकीचा असतो. कंपनीला माहिती हवी असते की माणूस शनिवारी येईल का, आणि विचारतात "मुलं किती, लहान आहेत का". अहो मग सरळ विचारा ना, महिन्यातले दोन शनिवार यावं लागेल, जमेल का. हा प्रश्न बाईला विचारता येतो, पुरुषाला विचारता येतो, लग्न झालेल्याला, न झालेल्याला, सगळ्यांना, आणि कंपनीला जे हवं तेच उत्तर मिळतं. खाली मी जिथे "कामाचा प्रश्न" म्हटलंय तिथे मला हेच म्हणायचंय.

2. अयोग्य प्रश्न म्हणजे बेकायदेशीर प्रश्न ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. सरकारी नोकरीला घटनेचं कलम 16 लागू आहे, तिथे धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण यावरून भेदभाव करता येत नाही. खाजगी कंपनीला ते कलम थेट लागू होत नाही, आणि "इंटरव्ह्यूत हे हे विचारू नका" अशी यादी असलेला एक कायदा आपल्याकडे नाहीच. पण भरतीत भेदभाव करायला बंदी घालणारे वेगवेगळे कायदे आहेत. बाई आहे म्हणून नाकारायचं नाही हे आधी 1976 च्या समान वेतन कायद्यात होतं, आता 2019 च्या वेतन संहितेत आहे, आणि महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे, एचआयव्हीसाठी 2017 चा. म्हणजे नुसतं विचारणं गुन्हा नसेल, पण त्या उत्तरावरून नाकारणं बेकायदेशीर ठरू शकतं, आणि तसं झालं तर विचारलेला प्रश्नच पुरावा होतो. म्हणून शहाण्या कंपन्या विचारतच नाहीत.

3. "लग्न झालंय का, ठरलंय का, मुलाचा विचार कधी?" हे प्रत्येक ठिकाणी विचारतात. काय उत्तर देऊ?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तो जवळजवळ फक्त मुलींकडूनच येतो, यातच काय ते आलं. मुलाला लग्नाचं विचारतात तेव्हा ते "वा, सेटल होणार" म्हणून, आणि मुलीला विचारतात ते "म्हणजे सोडणार" म्हणून. मला याचा मनापासून राग येतो.

उत्तराचे तीन मार्ग आहेत. तुम्हाला सांगायला काहीच वाटत नसेल तर सांगून टाका, त्यात कमीपणा नाही. सांगायचं नसेल तर "ते माझं घरचं आहे, त्याचा कामावर परिणाम होणार नाही" एवढं शांतपणे म्हणून थांबा, पुढे सारवासारव करत बसू नका. आणि तिसरा मार्ग, जो मला सगळ्यात चांगला वाटतो, तो म्हणजे प्रश्नामागची काळजी उचलायची आणि कामावर आणायची. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटरच्या जागेसाठी आयटीआय झालेली मुलगी आली होती, मालक म्हणाले, "बाळा, तुला शिकवायचं आणि सहा महिन्यांत तुझं लग्न, मग आम्ही काय करायचं?" ती म्हणाली, "सर, मी दोन वर्षं तरी इथेच काम करणार या हिशोबाने आलेय. तुम्ही मला एक जॉब (घडवायचा तुकडा) लावून बघायला सांगा, ऑफसेट (मशीनला तुकड्याची जागा सांगणारं माप) घेऊन पहिला पीस काढून दाखवते." मालकांनी खरंच मशीनवर नेलं, तिने व्हाइसमध्ये म्हणजे पकडीत जॉब धरला, मापाची डायल लावून तपासला, आणि त्यानंतर लग्नाचा विषय निघालाच नाही.

प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. काही लोक परत परत तिथेच येतात, तेव्हा ती जागा कशी असेल याचा तुम्हाला अंदाज आला असं समजा.

आणि हा काही नवीन वाद नाही. परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी लागायची असा नियम होता, त्यावर सी. बी. मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 1979 मध्ये कोर्टाने अशा नियमांना चांगलंच झापलं.

4. मी प्रेग्नंट आहे. इंटरव्ह्यूत सांगावं लागतं का? लपवलं तर फसवणूक होते का?

सांगायची सक्ती नाही आणि स्वतःहून न सांगणं म्हणजे फसवणूक नाही. एलआयसीच्या भरतीच्या फॉर्ममध्ये एकेकाळी महिला उमेदवारांना मासिक पाळीच्या तारखा, गर्भधारणा, असले रकाने भरायला लावायचे, आणि नीरा माथूर नावाच्या बाईंना त्यातली माहिती बरोबर दिली नाही म्हणून प्रोबेशनमध्ये काढलं होतं. सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकानेच काढून टाकायला सांगितलं. आज कुठल्या जॉइनिंग फॉर्मवर असला रकाना दिसला तर तो रिकामा सोडा.

व्यवहारातलं सांगायचं तर माझा सल्ला असा, ऑफर लेटर लेखी हातात आलं की मग जॉइनिंगच्या आधी एचआरला सांगा, कारण रजेचं प्लॅनिंग दोघांनाही करायचंय. मॅटर्निटी लीव्ह 26 आठवड्यांची आहे, आधीची दोन मुलं असतील तर 12 आठवडे, आणि त्यासाठी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या कंपनीत किमान 80 दिवस काम झालेलं लागतं. हा हिशोब आधी करा, कारण सहाव्या-सातव्या महिन्यात जॉइन झालात तर 80 दिवस भरतातच असं नाही. एक अपवाद, काम एक्स-रेजवळ किंवा केमिकलमध्ये असेल तर बाळासाठी आधीच सांगा.

5. "आडनाव काय? मूळचे कुठले?" म्हणजे जातच काढायची असते. याचं काय करायचं?

"पूर्ण नाव सांगा, नाही म्हणजे आडनाव", मग "गाव कुठलं", मग "तालुका कुठला", आणि तरी नाही समजलं तर "तुमच्यात लग्नं कुठे होतात", ही साखळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कधीकधी गावाचा प्रश्न नुसता गप्पा सुरू करायला असतो हेही खरं, आणि समोरचा स्वतःच्या गावाचं सांगायला लागला तर ते लगेच कळतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नापर्यंत गेला तर तिथे थांबायचा हक्क तुम्हाला आहे. "मी लातूरचा, पण शिक्षण सगळं पुण्यात झालं, डिप्लोमाचा प्रोजेक्ट दाखवू का?" असं म्हणून विषय कामावर आणा. "तुम्ही कोण" असं तोंडावर विचारलं तर "सर, त्याचा या कामाशी काय संबंध?" हे नम्र आवाजात विचारलेलं चालतं, त्यात उद्धटपणा नाही.

कायद्याचं: प्रश्न 2 मध्ये सांगितलं तसं खाजगी कंपनीत जात विचारण्यावर थेट बंदी नाही. पण अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचा चारचौघांत जातीवरून अपमान केला तर 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. सरकारी भरतीत राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी प्रमाणपत्र) मागतात, ती कागदपत्रांची पडताळणी आहे, तिचा मुलाखतीशी संबंध नाही.

चाकण, रांजणगावच्या बाजूला उलटा प्रकारही ऐकायला मिळतो, पत्ता बघून "लोकल आहात का" विचारतात आणि लोकल पोरं युनियन करतात असं धरून चालतात. तेही तितकंच चूक आहे.

6. "राहता कुठे, गाडी आहे का?" हाही अयोग्य प्रश्न का?

नाही, पुण्यात तर अजिबात नाही. कात्रजहून हिंजवडी फेज 3 ला रोज नऊला पोचायचंय म्हटल्यावर कोणीही विचारेल. फक्त "घर स्वतःचं की भाड्याचं" यात कामाचं काही नाही. फील्डच्या कामाला गाडी आणि लायसन्स लागत असेल तर तो कामाचाच प्रश्न, आणि मग पेट्रोल अलाउन्स किती ते तुम्हीही लगेच विचारा.

7. वडील काय करतात, भाऊ काय करतो हे का विचारतात?

सवय. फ्रेशरला बोलतं करायला विचारतात, "टेल मी अबाउट युवरसेल्फ" मध्ये पोरं स्वतःच फॅमिली बॅकग्राउंड सांगतात ते याच्यामुळेच. तुम्ही सांगू नका, तो वेळ प्रोजेक्टला द्या. विचारलंच तर एका वाक्यात सांगून पुढे जा. वडील नसतील किंवा घरची परिस्थिती सांगायची नसेल तर "घरी आई आणि मी" एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही.

8. सध्याचा पगार विचारतात, सॅलरी स्लिप मागतात. द्यावीच लागते का?

आपल्याकडे हे विचारायला बंदी नाही आणि पुण्यातल्या बहुतेक आयटी कंपन्या विचारतातच, तीन महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म 16, कधी बँक स्टेटमेंटसुद्धा. माझं मत असं की हा प्रश्न अन्यायाचा आहे, कारण पहिल्या नोकरीत ज्याला कमी मिळालं त्याला प्रत्येक नोकरीत त्याच आकड्यावर तीस टक्के वाढ मिळते, आणि ब्रेक घेऊन परत आलेल्या बायका यात कायमच्या मागे राहतात. म्हणून आधी तुमचा अपेक्षित आकडा सांगा: "या रोलसाठी मी इतकं अपेक्षित धरलंय, तुमचं बजेट कितीपर्यंत आहे?" काही वेळा एवढ्यावर काम होतं. स्लिप द्यावी लागली तर द्या, पण ऑफर ठरायच्या टप्प्यावर द्या, पहिल्याच फोनवर नको. बँक स्टेटमेंट देताना पगाराच्या एंट्रीशिवाय बाकीचं झाकून द्या.

पण आकडा फुगवून सांगू नका. स्लिपा एडिट करणारे लोक आहेत, पीएफच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी एकच राहणारा पीएफचा नंबर) कुठल्या कंपनीत कधी ते कधी होतात हे सगळं दिसतं, आणि पकडलं गेलं की ऑफर जाते. खाजगी गोष्ट न सांगणं आणि कामाबद्दल खोटं सांगणं यात फार मोठा फरक आहे, हे सगळ्याच उत्तरांना लागू आहे.

9. दोन वर्षांचा गॅप आहे, कारण घरचं आजारपण. किती सांगायचं?

गॅप का पडला हा प्रश्न योग्य आहे, कोण आजारी होतं, काय झालं होतं, आता कसं आहे हे नाही. "घरच्या जबाबदारीमुळे ब्रेक घेतला, आता ती संपलीय, मधल्या काळात हा कोर्स केला" आणि कोर्स केला नसेल तर ते वाक्य गाळा.

10. आजार, अपंगत्व, मेडिकल टेस्ट याबद्दल काय विचारू शकतात?

कामाला लागणारी क्षमता विचारू शकतात, आजाराची यादी नाही. क्रेन चालवणाऱ्याची नजर, उंचीवर काम करणाऱ्याला चक्कर येते का, हे विचारलंच पाहिजे, त्याच्या आणि बाकीच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण अकाउंट्सच्या जागेसाठी "शुगर आहे का" हे कशासाठी? ऑफर दिल्यानंतर मेडिकल फिटनेस करायला लावणं नेहमीचं आहे, मात्र एचआयव्हीची टेस्ट नोकरीची अट म्हणून मागता येत नाही, 2017 च्या कायद्यात ते स्पष्ट आहे.

दिव्यांग उमेदवारांनी एक लक्षात ठेवा, 2016 च्या कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. इंटरव्ह्यूला जायच्या आधीच एचआरला मेल करा, लिफ्ट आहे का, रॅम्प आहे का, लेखी परीक्षा असेल तर जास्त वेळ मिळेल का, आणि हे मागताना संकोच करू नका. "हे कसं झालं?" या प्रश्नाला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. "मी हे काम असं असं करतो" हे मात्र जरूर सांगा, स्क्रीन रीडर वापरत असाल तर लॅपटॉपवर करूनच दाखवा.

11. नाइट शिफ्ट जमेल का असं फक्त मुलींना विचारतात. चालतं?

शिफ्टचा प्रश्न सगळ्यांना विचारला तर चालतो. मुलींना मात्र विचारावंच लागतं, कारण महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सातमध्ये बाईकडून काम करून घ्यायचं असेल तर तिची संमती लागते, आणि सुरक्षितता व घरापर्यंतची गाडी ही कंपनीची जबाबदारी असते. म्हणून "हो" म्हणण्याआधी तुम्ही उलट विचारा: कॅब घरापर्यंत की चौकापर्यंत, शेवटचा ड्रॉप बाईचा असेल तर गाडीत गार्ड असतो का, ड्रायव्हरची पोलीस पडताळणी झालीय का. 2007 मध्ये पुण्यातच कंपनीच्या कॅबमध्ये एका मुलीचा जीव गेलाय, त्यामुळे हे विचारताना कोणाला जास्तीचं वाटलं तर वाटू दे. "घरचे पाठवतील का?" हा मात्र अयोग्य प्रश्न, तुम्ही सज्ञान आहात.

12. मी त्यांना काय विचारू शकतो? पगाराचं विचारलं तर लालची वाटतो का?

नाही वाटत. "काही विचारायचंय का?" असं म्हणतात तेव्हा "नाही सर" म्हणून उठणारी पोरं बघितली की मला वाईट वाटतं, तिथेच खरी माहिती मिळणार असते. टेक्निकल राउंडला कामाचं विचारा: ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित आहे, रिपोर्टिंग कोणाला. एचआर राउंडला पैशाचं आणि नियमांचं.

सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) आकडा ऐकून खूश होऊ नका, ब्रेकअप म्हणजे त्याची फोड मागा. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ म्हणजे बेसिकच्या 12 टक्के, ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या 4.81 टक्के, इन्शुरन्सचा प्रीमियम, व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग), कधी जॉइनिंग बोनससुद्धा धरलेला असतो, आणि हातात येणारा आकडा बघितला की माणूस गप्प होतो. विचारायचं ते असं: "महिन्याला हातात किती येईल, आणि व्हेरिएबल मागच्या वर्षी किती टक्के दिलं?" प्रोबेशन किती आणि त्या काळात नोटीस किती, कन्फर्म झाल्यावर 60 दिवस का 90, वर्क फ्रॉम होम लेखी मिळेल का नुसतं तोंडी, हेही विचारा. पहिल्या राउंडला रजा किती मिळतील हे मात्र पहिलाच प्रश्न म्हणून नको, तो ऑफर आल्यावर विचारा.

अयोग्य काय? इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा स्वतःचा पगार, त्याचं वय, "तुम्ही इतकी वर्षं इथेच का". आणि आधीच्या कंपनीतल्या गुप्त गोष्टी त्यांनी विचारल्या, म्हणजे क्लायंटचे रेट, सोर्स कोड, तर "ते मी सांगू शकत नाही" असं म्हणा. याने तुमची किंमत वाढते.

13. डिपॉझिट किंवा ओरिजिनल मार्कशीट मागितली तर?

उठा आणि या. नोकरीसाठी पैसे मागणारी जागा नोकरीची नसतेच. ओरिजिनल दाखवायची, ताब्यात द्यायची नाही. ट्रेनिंग बॉण्ड हा वेगळा विषय: 1872 च्या करार कायद्याप्रमाणे कंपनीला फार तर वाजवी नुकसानभरपाई मागता येते, बॉण्डवर लिहिलेला वाटेल तो आकडा नाही, पण सही करायच्या आधी वाचा.

14. अमेरिकन क्लायंटने व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू घेतला. तिकडचे नियम मला लागू होतात का?

नोकरी पुण्यात आणि पगार भारतीय कंपनीकडून असेल तर सहसा नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात आधीचा पगार विचारायला बंदी आहे आणि 1990 च्या तिथल्या अपंगत्वाच्या कायद्याने ऑफरच्या आधी आजारपणाचे प्रश्न विचारता येत नाहीत, पण ते तिथल्या नोकऱ्यांसाठी. मात्र बऱ्याच कंपन्यांची जगभराची एकच पॉलिसी असते, ती वेबसाइटवर बघा, तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

15. एमपीएससीच्या मुलाखतीत तर गाव, जिल्हा, आडनावाचा अर्थसुद्धा विचारतात. ते कसं चालतं?

तिथे तुमचा अर्जच प्रश्नांचा आधार असतो. जिल्हा, छंद, पदवीचा विषय यावरून तुम्हाला आजूबाजूची किती जाण आहे हे बघतात, अधिकाऱ्याला ती लागतेच. वादाच्या विषयावर मत विचारलं तर तेही योग्य, दोन्ही बाजू मांडून आपलं सांगा. राखीव जागेवरून टोमणा मारला तर मात्र तो टोमणाच, तिथे प्रश्न 5 मधलं उत्तर.

16. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने घाणेरडं काहीतरी विचारलं. मी तर तिथे कामालाही नाही, तक्रार कुठे करू?

करता येते. 2013 च्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, तक्रार करणारी बाई त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. दहा किंवा जास्त लोक असतील तर कंपनीची अंतर्गत समिती असते, तिच्याकडे लेखी द्या. त्याहून छोटी कंपनी असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन वाढवून मिळतात. बाहेर पडल्या पडल्या, कोणालाही फोन करायच्या आधी, काय विचारलं ते शब्दशः, तारीख-वेळ-नावासकट स्वतःला मेल करून ठेवा. असल्या माणसासमोर इंटरव्ह्यू पूर्ण करायची अजिबात गरज नाही.

पगार, भेदभाव या तक्रारींसाठी शिवाजीनगरला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. खरं सांगायचं तर नुसत्या एका इंटरव्ह्यूतल्या प्रश्नावरून भेदभाव सिद्ध करणं अवघड जातं, लेखी काही असेल, "फक्त पुरुष उमेदवार" अशी जाहिरात किंवा मेसेज, तर गोष्ट बदलते.

17. माझी बारा माणसांची कंपनी आहे. माणूस सहा महिन्यांत सोडून गेला तर माझं नुकसान होतं, मग घरचं विचारायचं नाही तर काय विचारायचं?

तुमची काळजी खरी आहे, आणि घरचं विचारून ती मिटत नाही. लग्न न झालेला मुलगासुद्धा चार हजार जास्त मिळाले की जातो. "मागच्या दोन नोकऱ्या का सोडल्या", "पुढच्या दोन वर्षांत काय शिकायचंय", "आमच्याकडे महिनाअखेरीला उशीर होतो, ते कसं जमवाल" हे विचारा. पाच-सहा प्रश्न आधी कागदावर लिहा, प्रत्येकाला तेच विचारा आणि उत्तराच्या पुढे मार्क टाका, म्हणजे आडनाव किंवा ओळख बघून हात झुकत नाही. अर्ध्या तासाचं खरं काम करून घ्या, पण तुमच्या क्लायंटचं चालू काम फुकटात नको.

मुलींच्या हॉस्टेलला रेक्टर बाईच पाहिजे, अशा मोजक्या जागा असतात, तिथे जाहिरातीतच कारणासकट लिहा. बाकी ठिकाणी "लेडीज नको, जेंट्स नको" हे काढून टाका आणि काम काय, वेळ काय, पगार किती ते लिहा, निम्मे चुकीचे अर्ज तिथेच कमी होतील.